चुलीवर टांगलेला दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. विहिरीवरचा म्हणाल तर मला राग येईल. माझं काम कड्यावरचं. एका वेळी एक जीव अंगावर घ्यायचा आणि त्याला सुखरूप खाली पोचवायचं.

जन्मलो कारखान्यात, पण घर मिळालं ते काशीदमागच्या डोंगरातल्या कातकरवाडीत, हिरामणदादांकडे. दादा लहानपणापासून मध काढायला कडे चढलेले. तरी पूर्वी ते डोंगरावर येणाऱ्या पाहुण्यांच्या फक्त पिशव्या वाहायचे, पुढे शहरातले लोक चालायचे. एकदा पुढचेच वाट चुकले आणि दादांनी सगळ्यांना दिवस मावळायच्या आत खाली आणलं. तेव्हापासून दादा पुढे आणि पाहुणे मागे. मग त्यांनी हौसेनं मला विकत आणलं.

कड्यावर बांधण्याआधी दादा डोळे मिटून मला टोकापासून टोकापर्यंत बोटांतून ओढत. मला गुदगुल्या व्हायच्या. पाहुणे माझे फोटो काढायचे आणि चहा प्यायला माझ्यावरच बसायचे. दादा त्यांना हाताला धरून उठवत.

गेल्या उन्हाळ्यात घरात उंदीर फार झाले. दादांच्या बायकोनं, कृष्णाबाईंनी, मला मायेनं चुलीवर टांगलं. त्यांच्या घरात जे जपायचं ते तिथेच जातं. भोपळ्याचं बी, बांबूच्या टोपल्या, सगळं धुरात टिकतं. पण मी बांबूचा नव्हतो, नायलॉनचा होतो. माझा एक वेढा खाली लोंबला, त्याला आच लागली आणि तेवढं अंग आतून कडक झालं. वरून नुसती काजळी दिसत होती. मला सांगायला तोंड नाही.

दुसऱ्या सकाळी पनवेलचा अल्पेश शिबिराची मुलं घेऊन आला. पहिली उतरणार होती दहा वर्षांची एक मुलगी. तिचा पट्टा बांधून झाला होता. मी पार घाबरून गेलो होतो.

"दादा, किती वेळ तपासताय? मुलं उन्हात उभी आहेत," अल्पेश म्हणाला.

दादांनी डोळे उघडले नाहीत. त्यांची बोटं पुढे गेली, थांबली, मागे आली.

"ह्यो आज चालत न्हाय."

"मग मुलांना काय सांगू?"

"बाजूच्या वाटंनं चला म्हनावं. लांब हाय, पन करवंदं हायत."

मुलांनी तोंडं जांभळी होईपर्यंत करवंदं खाल्ली. दोर कुणालाच आठवला नाही. थोडं वाईट वाटलं, पण जीव भांड्यात पडला.

घरी कृष्णाबाई रडल्या. "माज्या हातानं पोरगी गेली असती."

"तू जपायलाच टांगलास," दादा म्हणाले. "ह्याला आच सोसत न्हाय, ह्ये मीच तुला कधी सांगितलं न्हाय."

आता कड्यावर नवा दोर आहे. माझा मोठा भाग वाडीतल्या आंब्याला झोका होऊन लटकलाय आणि दिवसभर पोरांची बडबड ऐकतो. कडक जागेचा चार हात तुकडा मात्र कृष्णाबाईंनी मागून घेतला. तो दाराच्या खुंटीला असतो, चुलीपासून लांब.

मित्रांनो, वस्तूंना जीव लावा, पण त्यांना काय सोसत नाही तेही विचारून घ्या. वाडीत कुणालाही वाटाड्या व्हायचं असलं की कृष्णाबाई त्याला डोळे मिटायला लावतात आणि माझा तो तुकडा हातात देतात. "सांग, ह्याला कुटं भाजलंय." परवा वाडीतल्याच प्रणालीची बोटं पहिल्याच फेरीत त्या जागेवर थांबली. कृष्णाबाईंनी नवा दोर स्वतः तिच्या खांद्यावर चढवला.