बिनचावीची अँबेसिडर

अर्जुनराव चेअरमन यांनी आयुष्यात जे काही मोठेपण संपादन केले होते, ते सर्व उभ्याउभ्याच संपादन केले होते. सोसायटीचे चेअरमनपद मिळाले त्या दिवशी ते निवडीचे पत्र आणावयास गेवराईला गेले, तेही एसटीच्या दांडीला धरून. परतीच्या प्रवासात एका म्हातारीने त्यांच्या मांडीवर कोंबडीची पाटी ठेवण्याकरिता त्यांना अर्धी जागा दिली, तेवढाच त्यांचा पहिला सत्कार.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरविली. माजलगावच्या धरणाचा तळ उघडा पडला, ऊस वाळला आणि कारखान्याची चिमणी धूर सोडावयाची विसरली. परंतु कारखान्याच्या निवडणुकीस उसाची गरज नसते, उमेदवारांची असते. तलवाड्याच्या माळावर सोसायटीने जनावरांची छावणी उघडली होती, आणि शनिवारी पॅनेलचे प्रमुख आप्पा स्वतः छावणीवर येऊन या गटातून एकाला डायरेक्टरकीची उमेदवारी देणार होते. नावे दोनच होती. एक अर्जुनरावांचे आणि दुसरे बद्रीनाथचे. बद्रीनाथपाशी पांढरी, उंच, काचा काळ्या केलेली गाडी होती. अर्जुनरावांपाशी सातवीपर्यंतचे शिक्षण आणि भाषणाची हौस होती.

"नवी गाडी घेऊ नका, चेअरमन," सोसायटीचे सचिव पंडित यांनी सल्ला दिला. "लोक म्हणतेल, छावणीचा चारा खाल्ला. जुनी घ्या. लई जुनी घ्या. मंग म्हणतेल, घरचीच हाय, बापाच्या वक्ताची."

ही युक्ती अर्जुनरावांच्या अंतःकरणास भिडली. त्यांच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या मेंढरांमागे चालण्यापलीकडे कोणतेही वाहन वापरले नव्हते. त्यांच्या नावावर मरणोत्तर एक मोटार चढविण्यात काय वावगे आहे, असा उदात्त विचार अर्जुनरावांच्या मनात आला. विचार आपलाच असल्यामुळे त्यांनी तो तपासून पाहिला नाही.

अशी मोटार बीडला सुंदरबाईंकडे होती. सुंदरबाई म्हणजे तात्याबा जमीनदारांच्या विधवा पत्नी. आता त्या मुलीकडे पुण्यास राहावयास निघाल्या होत्या आणि तेथे मोटार उभी करण्यास जागा नव्हती. व्यवहार पंडित यांनी आधीच फोनवर ठरविला होता. शनिवारी सकाळी दोघे तेथे पोहोचले, तेव्हा सुंदरबाईंनी मोटारीवरची गोधडी दोन्ही हातांनी अशी काढली, जणू निजलेल्या लेकराच्या अंगावरचे पांघरूण काढत आहेत.

चौसष्ट सालची अँबेसिडर. करड्या रंगाची, गोल पाठीची, नाकासमोर पाहणारी. चाकांच्या वाट्यांत अर्जुनरावांना आपला चेहरा दिसला, आणि तो त्यांना डायरेक्टरासारखा वाटला.

"पोळ्याला बैलाबरूबर हिलाबी ओवाळायचे आमचे मालक," सुंदरबाई म्हणाल्या. "आमच्या गोठ्यातलंच एक जित्राब समजायचे. तुमच्यात जनावरं किती?"

"आमचा गोठा कधी रिकामा म्हणून दिसला नाही, आई," अर्जुनराव म्हणाले. हे खोटे नव्हते. जी वस्तू अस्तित्वातच नाही, ती रिकामी दिसणार तरी कशी?

सुंदरबाईंनी मोटारीच्या बॉनेटवर कुंकू लावले आणि ओवाळले. मग आतून पाण्याची कळशी आणून स्वतःच्या हाताने रेडिएटरमध्ये ओतली. बीडच्या नळाला त्या दिवसांत आठवड्यातून एकदा पाणी येत असे. "तहानलेलं जनावर आमच्या दारातून जात न्हाई," त्या म्हणाल्या. "पण दावं मात्र आमी देत न्हाई."

पंडित यांना काही उमगले नाही. तेव्हा बाईंनी समजावून सांगितले. बैल विकला तरी त्याचे दावे विकणारा सोडून घेतो; घेणाऱ्याने आपले नवे दावे आणायचे असते. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी निघून जाते. आणि मोटारीचे दावे म्हणजे तिची चावी.

"आवो आज्जी," पंडित म्हणाले, "बैलाचं ठीक हाय. पण चावीबिगर गाडी कशी न्यावं?"

या ठिकाणी कोणत्याही शहाण्या मनुष्याने पंडित यांची बाजू घेतली असती. परंतु अर्जुनरावांना त्या क्षणी शहाणे दिसण्यापेक्षा खानदानी दिसावयाचे होते. ते गंभीरपणे म्हणाले, "पंडितराव, घराण्याच्या रीती तुम्हाला कळायच्या नाहीत. आमच्यातही हीच चाल आहे."

सुंदरबाईंचे डोळे भरून आले. "मंग गाडी योग्य दारी चालली," त्या म्हणाल्या. त्यांनी चावी फिरविली, इंजिन घरघरले, आणि त्या फिरत्या इंजिनातूनच त्यांनी चावी अलगद उपसून कनवटीला लावली. कुलूप इतके झिजले होते की इंजिनाला चावी गेल्याचा पत्ताही लागला नाही. "वाटंत बंद पाडू नका," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर नवी करून घ्या."

"स्टँडापाशी चावीवाला बसतो," पंडित गाडीत बसताबसता पुटपुटले. "पाच मिनिटाचं काम हाय."

"आप्पा बारा वाजता येणार. आणि चावीवाल्यापाशी गाडी बंद पडली तर? आपण चावी करून घ्यायला आलो आहोत हे बीडभर होईल." आजवर अर्जुनरावांनी फक्त ट्रॅक्टर चालविला होता. ट्रॅक्टरवर क्लच सोडताना जो निर्धार लागतो, तोच त्यांनी येथे दाखविला आणि मोटार दारातच दोनदा मरता मरता वाचली. तेव्हापासून थांबणे या गोष्टीची त्यांनी धास्तीच घेतली. ऑटोरिक्षांच्या गर्दीतून ते वाजतगाजत निघाले. गढीच्या फाट्यावर ओळखीच्या माणसांनी चहाला हाक मारली, तर त्यांनी नुसता हॉर्न दिला. पुढे पंडित यांना लघुशंकेस उतरायचे होते. गाडी हळू झाली, पण थांबली नाही. उतरणे सोपे गेले. परत चढण्यासाठी मात्र पंडित यांना एक हात विजारीच्या नाडीला आणि दुसरा मोटारीच्या दाराला लावून बरेच धावावे लागले.

"चेअरमन," ते धापा टाकत म्हणाले, "डायरेक्टर झाल्यावर तुमी आमाला वळखतेल का न्हाई, सांगता येत न्हाई. आत्ताच वळखंना."

छावणीवर मंडप होता. आप्पा खुर्चीत बसले होते आणि शेजारी बद्रीनाथ पान लावत होता. अँबेसिडर माळ चढून आली तशी दावणीची जनावरे कान टवकारून उभी राहिली. माणसेही उभी राहिली. अर्जुनरावांना वाटले, आपण जन्माला आलो ते याच क्षणासाठी.

"कुणाची हो ही?" आप्पांनी विचारले.

"घरचीच आहे, आप्पा. वडिलांच्या काळातली."

"वा! सांगितलं न्हाई कधी. आमी तुमाला साधा मानूस समजत होतो." आप्पांनी बद्रीनाथच्या काळ्या काचांकडे एकदा पाहिले, मग अँबेसिडरच्या पाठीवर हात फिरविला. बद्रीनाथच्या हातातले पान तसेच राहिले. "बरं, बंद करा आता. बोलायचंय मला."

"असू द्या की, आप्पा. आवाज ऐका तरी. आता अशी इंजिने होत नाहीत."

आप्पांनी दुष्काळावर भाषण केले. दुष्काळाचे निम्मे आणि इंजिनाचे निम्मे, असे ते लोकांच्या कानी पडले. सहकारावर येईपर्यंत मोटारीच्या बॉनेटमधून पांढरी वाफ निघू लागली. पंडित हे प्रामाणिक सचिव होते. ते बादली घेऊन धावले आणि जनावरांच्या हौदातून पाणी भरून आणू लागले.

हौदावर साखराबाई आपली बैलजोडी घेऊन उभी होती. सकाळपासून ती टँकरची वाट पाहत होती आणि टँकर नुकताच अर्धा हौद भरून गेला होता. "घाला, घाला," ती मोठ्याने म्हणाली. "गाडी पिऊ द्या आधी. माझी बैलं काय, उद्या पितेल. त्यास्नी कुठं कारखान्यावर जायचंय!"

मंडपातली सारी डोकी हौदाकडे वळली. फक्त इंजिन बोलत होते. आप्पा पाहत होते. बद्रीनाथ तर पान खाणे विसरून पाहत होता. अर्जुनरावांच्या ध्यानात आले, की पाणी ओतले तर सारी छावणी आयुष्यभर बोट दाखवील, आणि न ओतले तर इंजिन जळण्याआधी बंद करावे लागेल. बंद केले की पुन्हा चालू होणार नाही, आणि ते का होत नाही हे आप्पा विचारतील. चांगल्या माणसाने अशा वेळी जेवढा विचार करावा, त्याहून अर्जुनरावांनी थोडा जास्तच केला. तेवढ्या वेळात त्यांनी मनातल्या मनात डायरेक्टरची खुर्ची दोनदा उचलली आणि दोनदा खाली ठेवली.

मग त्यांनी पंडित यांच्या हातून बादली घेतली आणि हौदात परत ओतली. गाडीत बसून त्यांनी गिअर टाकला आणि इंजिन मुद्दाम मारण्यासाठी क्लच एकदम सोडला. मोटारीने एक मोठी उडी मारली आणि ती मेली.

"आता मलाबी बसवा," आप्पा खुर्चीतून उठत म्हणाले. "गार झाल्यावर गावात चक्कर मारू."

"चावी नाही, आप्पा."

"कुठं हाय?"

"बीडला," अर्जुनराव म्हणाले. आणि आता एवढे सांगितलेच आहे, तर राहिलेले पोटात ठेवून काय करायचे, म्हणून पुढे म्हणाले, "जिची गाडी होती तिच्यापाशी. वडिलांची न्हवती ती. मी आजच घेतली."

हसण्याची सुरुवात बद्रीनाथने केली, हे अर्जुनरावांना नीट आठवते. शेवट कोणी केला ते आठवत नाही, कारण तो बराच वेळ झाला नाही. आप्पा मात्र हसले नाहीत. "अर्जुनराव," ते म्हणाले, "पाणी परत वतलं, ते चांगलं केलं. पण कारखान्यावर आमाला खोटं बोलून टिकनारा मानूस लागतो. तुमी अर्ध्या तासातच कबूल झाले." एवढे बोलून ते बद्रीनाथच्या गाडीत बसून निघून गेले.

मंडप ओस पडला. मोटार माळावर उभी होती, आणि तिच्या सावलीत दोन शेळ्या येऊन बसल्या. संध्याकाळ व्हायच्या सुमारास साखराबाई बैल घेऊन आली. "पानी प्यालेत," ती म्हणाली. "गावापस्तोर वढतेल. बसा आत, चाक कुनी तरी धराय पायजे."

तिने जू साखळीने पुढच्या दांड्याला बांधले. बैल चालू लागले. पंडित मागून ढकलत होते; या खेपेस त्यांना धावावे तरी लागत नव्हते. वेशीपाशी पारावरची मंडळी उठून उभी राहिली.

"रामराम, डायरेक्टर!" कोणीतरी ओरडले.

अर्जुनरावांना लाज वाटावयास हवी होती, आणि ती वाटलीही. परंतु त्यांच्या असेही लक्षात आले, की त्यांचा उजवा हात आपण होऊनच खिडकीबाहेर गेला आहे आणि दोन्ही बाजूंच्या लोकांस तो सावकाश नमस्कार करीत आहे. बैलांची चाल त्यासाठी अगदी योग्य होती. मिरवणूक याहून वेगाने गेली असती, तर कित्येकांचा नमस्कार राहून गेला असता.