कावीळ खाणारं फूल

शिवमंदिराच्या पलीकडे, वालधुनी नदीकाठच्या मोकळ्या प्लॉटवर सकाळपासून माणसं दाटली होती. मध्ये हिंदुराव भगत. रांगेतल्या प्रत्येकापुढे एक कुंडी आणि कुंडीत पिवळी फुलं.

“फूल पिवळं का? कावीळ खातं म्हणून. फुंकर मारा, ऊन चढेतो बसा. मिटलं की त्याचं पोट भरलं. मग कुंडी नदीत सोडायची, मागे वळायचं नाही.”

रांगेत उमाताईंची सून संजीवनी होती. सातवा महिना, डोळे हळदीसारखे. डॉक्टरांनी आजच ॲडमिट करा म्हटलं होतं, पण तिचा नवरा अभिजीत ऐकेना.

“आई, एक सकाळ फक्त. आमच्या खात्यातले सगळे इथंच बरे झाले.”

“आणि शेजारची जनी? ती कुठं बरी झाली?”

“ती मागे वळली म्हणे.”

संजीवनीनं फुंकर मारली. ऊन तापलं, तशी फुलं मिटत गेली. लोकांनी हात जोडले. संजीवनीची मान सासूच्या खांद्यावर कलली.

“लाइट गेले का हो, आई?”

भर उन्हात हे ऐकून उमाताईंनी तिला अभिजीतच्या खांद्याला टेकवलं. त्यांनी कुंडीतली पानं निरखली. ही तर पाथरी. बदलापूरला त्यांची आई हीच भाजी बांधावरून खुडायची. शाळेत जाताना बांध पिवळा दिसायचा, दुपारी परतताना नुसता हिरवा. इतकी वर्षं हे आठवलं कसं नाही?

त्या प्लॉटच्या कुंपणभिंतीशी गेल्या. तिथंही पाथरी माजली होती. एकूण एक फूल मिटलेलं.

“भगतबुवा, इथं कुणी फुंकर मारली?”

“कावीळ हवेतून जाते, आजी.”

“मग अख्ख्या अंबरनाथची गेली असेल. या लोकांना कशाला बसवलंत?”

कुणीतरी हसलं. उमाताईंनी कुंडी उचलली. भगतानं ती धरली.

“घरी नेलीत तर कोप होईल.”

“उद्या सकाळी फुलेल, ही भीती आहे तुम्हाला,” म्हणत त्यांनी कुंडी सोडवून घेतली.

अभिजीतनं बायकोचा लोंबणारा हात पाहिला, तिला उचललं आणि तो रिक्षाकडे धावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कपडे न्यायला घरी आला. गॅलरीत कालच्या कुंडीतली पाथरी पिवळीजर्द फुलली होती. हॉस्पिटलात संजीवनीनं अजून डोळे उघडले नव्हते. कपडे तसेच टाकून त्यानं कुंडी घेतली आणि प्लॉट गाठला. रांग लागलेलीच होती. त्यानं कुंडी मधोमध ठेवली.

“हिनं काल माझ्या बायकोची कावीळ खाल्ली म्हणे. बघा, पुन्हा फुलली. पाथरी आहे ही. रोज सकाळी उघडते, ऊन चढलं की मिटते. आजाऱ्यांना दवाखान्यात न्या.”

भगत काही बोलायला गेला, तर अभिजीतनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

“माझी ती सकाळ गेली,” तो रांगेला म्हणाला. “तुमची अजून हातात आहे.”