भिंतीकडे तोंड केलेला ॲम्प्लिफायर

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. मधली बरीच वर्षं माझ्या डोक्यावर पावाचे ट्रे रचलेले असत, त्यामुळे मी स्वतःला टेबल समजू लागलो होतो. आता मला वारसा म्हणतात. दोन्ही कामांत नुसतं उभंच राहायचं असतं, म्हणून मी वाद घालत नाही.

माझा जन्म रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाला. दुकानदाराला सगळे खटपट्या म्हणत. मोडक्या कपाटाच्या फळ्या, बंद पडलेल्या रेडिओंची आतडी आणि एका जीपचा स्पीकर एकत्र करून त्याने मला घडवलं. मी पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा दुकानातलं मांजर जे पळालं, ते परत आलंच नाही. खटपट्याला याचं भारी कौतुक वाटलं.

खटपट्या गिटार वाजवायचा. गाणारा होता त्याचा दोस्त, बेकरीत पाव भाजणारा दादा. गिटार आणि गाणं, दोन्ही माझ्याच तोंडून बाहेर पडे. दादाची धाकटी बहीण ताई ड्रम बडवायची. दादा आजीकडून शिकलेली लोकगीतं म्हणायचा आणि हे दोघे त्या बिचाऱ्या गीतांच्या अंगावर वीज सोडायचे. तालीम चाले ती बेकरीखालच्या तळघरात, मैद्याच्या पोत्यांमध्ये. पुढे आम्हाला 'भूमिगत बँड' असं नाव पडलं. वर जागा नव्हती, एवढंच.

अडचण एकच होती. बेकरीचं काम रात्रभर चाले, म्हणून दादाची आई दुपारी झोपायची, आणि तीही नेमकी आमच्या डोक्यावर. एकदा ती जिन्यात येऊन कडाडली, "अरे मेल्यांनो, त्या भोंग्याचं तोंड भिंतीकडे करा! नाहीतर तिघांना भट्टीत घालीन."

माझं तोंड भिंतीकडे झालं. गाणं पोत्यात कोंबल्यासारखं ऐकू येई, पण आई झोपे. सवय अशी जडली की सभागृहातल्या पहिल्या कार्यक्रमातही त्यांनी मला भिंतीकडेच वळवून ठेवलं.

"हा रुसलाय का?" तिथल्या रखवालदाराने विचारलं.

"आई झोपलीय," दादा म्हणाला. आई घरी होती, चार गल्ल्या पलीकडे.

लोकांना गाण्याचा एक शब्द कळला नाही. ते एकेक करून उठून गेले. हे मला खुर्च्यांच्या करकरीवरून समजलं. मी स्वतः पोपडे आलेली भिंत बघत होतो. पुढचे कार्यक्रमही असेच झाले. एक कॅसेट निघाली, ती कोणी घेईना. बँड मोडला आणि मी टेबल झालो.

मग खूप वर्षांनी काही तरुण मंडळी तळघरात उतरली. त्यांच्यातल्या दाढीवाल्याने मला पाहून चक्क डोळे पुसले. ती कॅसेट म्हणे या हातातून त्या हातात जात कुठल्या कुठे पोचली होती. तो कोंदट आवाज म्हणजे 'जगाकडे फिरवलेली पाठ' होती. दूरदूरचे बँड आता मुद्दाम ॲम्प्लिफायर भिंतीकडे वळवतात म्हणे. ज्या आवाजापायी लोक उठून गेले, त्याच आवाजापायी लोक आले. मी पार गोंधळलो. अजूनही गोंधळलेलोच आहे.

त्यांनी त्याच सभागृहात सत्काराचा कार्यक्रम ठरवला. दादा आता म्हातारा झाला होता. डॉक्टरांनी घशाची शस्त्रक्रिया सांगितली होती. नंतर आवाज राहीलच असं नाही. लोकांना एकदा तरी आपले शब्द कळावेत, एवढीच त्याची इच्छा होती.

"आज याचं तोंड माणसांकडे," दादा म्हणाला.

दाढीवाला गयावया करू लागला. "काका, मग तो तुमचा आवाज राहणार नाही हो!"

"माझाच राहील. आजवरचा भिंतीचा होता."

"पण लोक इतक्या लांबून आलेत..."

"मग त्यांना ऐकू येऊ दे की!" ताई म्हणाली, आणि खांदा लावून तिने मला वळवलं.

मित्रांनो, मी पहिल्यांदाच श्रोते पाहिले. माझी समजूत होती की श्रोते म्हणजे करकरणाऱ्या खुर्च्या. त्यांना तर नाकंसुद्धा होती.

खटपट्याने गिटार छेडली आणि दादा गायला. आवाज चिरकत होता, पण शब्द न् शब्द स्वच्छ. कॅसेटवरचं सगळ्यात गाजलेलं गाणं, ज्यावर दाढीवाल्याने 'क्रांतीची हाक' असा लांबलचक लेख लिहिला होता, ते एका हरवलेल्या शेळीबद्दल होतं. म्हातारी हाका मारत डोंगर चढते. शेळी नाही. ओढ्यापाशी जाते. शेळी नाही. अंधार पडतो.

दादा थांबला. दाढीवाला स्वतःचे बूट न्याहाळत होता. आता खुर्च्या करकरणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एका मुलीने विचारलं, "अहो, पण शेळी सापडली का?"

दादाने ताईकडे पाहिलं. "सापडते ना. पुढे कडवं आहे. आम्ही ते कधी म्हटलंच नाही. तोवर लोक गेलेले असायचे."

"मग म्हणा की!" ओरडला तो दाढीवालाच.

दादाने कडवं म्हटलं. लोकांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. मग सगळेच त्याच्याबरोबर म्हणू लागले. मध्येच दादाचा घसा बसला, पण कडवं थांबलं नाही.

आता मी काचेच्या कपाटात असतो आणि दादा खुणांनी बोलतो. मित्रांनो, जुनी वस्तू जपायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. माझ्यावरची धूळ पुसलीत तर आनंदच आहे. पण एखादं जुनं गाणं आवडलं, तर आधी गाणाऱ्याकडे जा आणि पुढे काय होतं ते विचारा. त्याला सांगता येतंय तोवर विचारा.