बादलीधारी सैन्याचा सिनेमा

मित्रांनो, मानवजातीचा अंत मी स्वतः पाहिला आहे. तो एका बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यात झाला आणि जेवणाच्या सुट्टीसाठी मध्येच थांबवावा लागला.

मी एक जुना सिनेमा आहे. पत्र्याच्या डब्यात रिळे होऊन राहतो. माझ्यात जगावर यंत्रमानवांचे राज्य असते. त्यांची डोकी म्हणजे चंदेरी रंग फासलेल्या बादल्या. फौज अफाट दिसते, पण बादलीखाली माणूस एकच: मारामारीवाला. गोळी खाऊन पडायचा, पोचे आलेली बादली बदलून पुन्हा चाल करून यायचा. एकदा उडी मारताना बादलीच निसटली आणि तो खो-खो हसत सुटला. दिग्दर्शक म्हणाला, "राहू दे रे, कोणाचं लक्ष जातंय!"

सगळ्यांचे गेले. ऐन संहारात प्रेक्षक पोट धरून हसले. मी आठवड्यात उतरलो आणि जिथे लागलो होतो त्याच चित्रपटगृहाच्या माळ्यावर मोडक्या खुर्च्यांखाली पडून राहिलो.

परवा माळा रिकामा करताना ऑपरेटरकाकांनी मला भंगारात काढले. तेवढ्यात मारामारीवाल्याची मुलगी आली. ती तान्ही असतानाच तो गेला होता. घरात त्याचा एक फोटो नाही.

"काका, बाबांचा सिनेमा आहे म्हणे तुमच्याकडे?"

"आहे पोरी, पण सगळीकडे डोक्यात बादली. एकदाच निसटते, तेही निमिषभर."

"तेवढं दाखवा ना."

काकांनी मला यंत्रावर चढवले. माझी फीत वाळून कडक झालेली; कुठे तुटेल, नेम नाही. ज्या चुकीची जन्मभर लाज वाटली, तिच्यापर्यंत धडपणे पोहोचावे म्हणून मी जीव मुठीत धरून फिरत होतो.

बादली निसटली. तो हसला.

"अगं बाई! ही खळी तर माझ्या लेकीची!" ती डोळे पुसत म्हणाली. "काका, परत एकदा."

"अगं, जग संपायचं राहिलंय अजून!"

"संपेल हो सावकाश. आधी बाबा दाखवा."

त्या दिवशी जग संपलेच नाही. काकांनी मला परत भंगारात न टाकता स्वतःच्या टेबलावर ठेवले.

मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी एकदा आत डोकावून पाहा. कोणाचा तरी बाप तिथे हसत असतो. माझे म्हणाल, तर मला पुरस्कार नको, संग्रहालय नको. फक्त माझ्या डब्यावर चहाचा कप तेवढा ठेवू नका. झाकण चिकटते.