वरची दाढ आणि जिजीची सुई

प्लेगच्या सालानंतर आमचं सुरत असं काही झाडलं-पुसलं गेलं की विचारू नका. लिंबायतच्या बोळाबोळांतून रोज झाडू फिरू लागला. पण मंडळी, माणसाच्या तोंडात कोण झाडू मारणार? तिथला कारभार ज्याचा त्यानेच बघायचा, आणि नेमके तिथेच आपण सगळे आळशी. खोटं वाटत असेल तर लोटूची हकीकत ऐका.

लोटू मूळचा अमळनेरकडचा. पंधरा वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काढलेली, एकटा सहा लूम सांभाळायचा. लूमच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागते, ती सवय तो घरीही घेऊन यायचा. त्यामुळे एका आठवड्यात गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं. लोटू चक्क गप्प होता. डोक्यावरून हनुवटीखाली फडकं बांधून ओट्यावर बसलेला, उजवा गाल पुरीसारखा टम्म.

"काय जयं रे भो?" येणारा-जाणारा विचारायचा. लोटू नुसतं बोट गालाकडे न्यायचा. वरची दाढ किडली होती.

मग काय, प्रत्येक जण डॉक्टर. एकाने लवंग आणली, दुसऱ्याने कापूर, तिसऱ्याने सांगितलं लसूण ठेचून भर. बायको छायाने माहेरच्या रीतीप्रमाणे तंबाखू भाजून मिसरी करून दिली. दोन मिनिटं दाढ बधिर झाली आणि नंतर दुप्पट ठणकू लागली.

दुखणं एकवेळ सोसवलं असतं, पण लूमचं काय करायचं? कांडीवरचा दोरा संपला की धोट्यात, म्हणजे आडवा दोरा नेणाऱ्या लाकडी नळीत, नवी कांडी घालायची, धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावायचं आणि श्वासाबरोबर दोरा ओढून घ्यायचा. एका पाळीत हे शेकडो वेळा. किडलेल्या दाढेवरून वारा गेला की लोटूच्या डोळ्यांसमोर काजवे चमकत. धोटा तोंडाशी नेऊन तो तसाच उभा राही आणि तोवर लूम बंद पडून राहत. मुकादम मगनभाई भला माणूस, पण शेटला जबाब त्यालाच द्यावा लागे. गुरुवारी त्याने सांगून टाकलं, "लोटू, दाढ का कुछ कर. सोमवार को नहीं आया तो तेरे लूम सुकदेव को देने पडेंगे."

मिलमधल्या कायम कामगाराकडे विम्याचं कार्ड असतं. आमच्या लूमवाल्यांच्या नशिबी कसलं कार्ड? खासगी डॉक्टरकडे लोटू गेला होता, पण बाहेरच्या पाटीवरचे दर वाचूनच परत फिरला. उरलं सरकारी सिव्हिल हॉस्पिटल. तिथे दाढ जवळजवळ फुकटात काढून देतात हे छायाला ठाऊक होतं. तिने चार वेळा सांगितलं, आणि चारही वेळा लोटूने मान हलवून नाही म्हटलं.

कारण होतं हेमराज. शेजारच्या लूमवरचा हा गडी, जगातल्या सगळ्या गोष्टी त्याला माहीत. त्याने लोटूला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "खालची असती तर काढ म्हटलं असतं. ही वरची दाढ. वरच्या दाढेची नस डोळ्याला जाते. माझ्या काकाने काढली आणि वर्षाच्या आत नजर गेली."

लोटूने ते खरं मानलं. लूमवर काम म्हणजे डोळ्यांचं काम. हजारो धाग्यांमधला एक तुटलेला धागा दिसला नाही तर कापड वाया. दाढ ठेवली तर लूम जाणार आणि काढली तर डोळा जाणार, असा बिचारा दोन्हीकडून अडकला.

गल्लीच्या टोकाला शोभाबाईंची खाणावळ. साठीला आलेली विधवा बाई, पण तोऱ्यात राहणारी. सगळे तिला जिजी म्हणत. जिजीच्या दातांचं गल्लीत कोण कौतुक! पांढरेशुभ्र, एका ओळीत. "गावचं दूध-तूप आहे हे," असं ती ऐटीत सांगायची. सगळ्यांना वाढून झालं की आत जाऊन एकटीच जेवायची, आणि दार लावून घ्यायची. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

शुक्रवारी दुपारी छाया लोटूला ओढतच खाणावळीत घेऊन आली. पंधरा-वीस जण पंगतीला होते, हेमराजही होता.

"जिजी, तुम्हीच समजवा," छाया म्हणाली. "दोन दिवसांत अन्नाचा कण नाही पोटात. लूम गेले तर आम्ही काय करायचं?"

जिजीने लोटूसमोर पातळ वरणाची वाटी ठेवली. "का जात नाहीस रे सिव्हिलला?"

"भ्या वाटस, जिजी," लोटू कसाबसा बोलला. "डोया जाई मना."

हेमराजने लगेच काकाची गोष्ट सुरू केली. जिजीने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग विचारलं, "काकाचं वय काय होतं?"

"असेल सत्तर-बहात्तर."

"मग त्या वयात मोतीबिंदू होतोच की! आमच्या गावात धडधाकट दातांच्या म्हाताऱ्यांनाही झालाय. त्याचा आळ बिचाऱ्या दाढेवर कशाला?"

"ते ठीक," हेमराज म्हणाला, "पण तुमचे दात मोत्यासारखे. तुम्हाला काय कळणार दुसऱ्याची पीडा?"

पंगत हसली. जिजी हसली नाही. तिने पदराला हात पुसले, फळीवरच्या डब्यातून सुई आणि पांढरा दोरा काढला आणि पंगतीच्या मधोमध येऊन उभी राहिली. मग पाठ न फिरवता, सगळ्यांच्या देखत, तिने तोंडात हात घातला आणि वरची अख्खी कवळी काढून एका रिकाम्या वाटीत ठेवली!

हातातले घास हातातच राहिले. जिजीचे गाल आत गेले होते, एकदम दहा वर्षांनी म्हातारी झाली होती ती.

"अकरा वर्षं झाली," ती बोळक्या तोंडाने म्हणाली. "मिसरीने सगळे दात खाल्ले माझे. वरचे सगळे सरकारी दवाखान्यातच काढले. कवळीची लाज वाटायची म्हणून दूध-तुपाच्या गप्पा मारल्या. तुमच्यासमोर कधी जेवले नाही. आता बघा, वरचा एकही दात नाही, डोळ्याला चष्मा नाही."

तिने दोऱ्याला पीळ दिला आणि सुई उजेडाकडे धरली. पहिल्यांदा दोरा हुकला. दुसऱ्यांदाही हुकला. हेमराज खाकरला. तिसऱ्या खेपेला दोरा नेढ्यातून सुळकन पार झाला, आणि जिजीने तो ओवलेला दोरा लोटूच्या नाकासमोर धरला.

"एका दाढेने डोळा जात असता तर एवढे दात काढून मी केव्हाच काठी टेकत फिरले असते. आता वरण पी आणि उद्या सकाळी नीघ."

लोटूने मान खाली घातली. आपल्या एका दाढेसाठी या बाईने अकरा वर्षांची अब्रू वाटीत काढून ठेवली, हे त्याला कळलं आणि त्याचे डोळे भरून आले. "जातो, जिजी," तो म्हणाला.

शनिवारी जिजी स्वतः बरोबर गेली. केसपेपर, रांग, बाकावरची वाट बघणं, सगळं झालं. तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी पू उतरायला गोळ्या द्याव्या लागतील का ते तपासलं, मग बधिर करायची सुई देऊन दाढ काढली. "दुखलं का?" त्यांनी विचारलं. "कधी काढली?" लोटूने उलट विचारलं.

"सहा महिन्यांपूर्वी आला असतात तर भरून वाचवता आली असती," बाई म्हणाल्या. "लवंगेने घटकाभर बरं वाटतं, पण कीड काही जात नाही. आणि ती मिसरी-तंबाखू आजपासून बंद."

बाहेर आल्याबरोबर लोटूने डावा डोळा झाकून उजव्याने समोरच्या भिंतीवरची सूचना वाचली. मग थुंकू नये असं तिथे लिहिलंय म्हणून तोंडातला कापूस घट्ट धरून बसला. जिजी पोट धरून हसली.

सोमवारी सहाही लूम चालू झाले. लोटूने धोट्याला तोंड लावलं, दोरा ओढला, काजवे चमकले नाहीत. दुपारपर्यंत त्याचा आवाज गल्लीतही ऐकू येऊ लागला आणि गल्लीचा जीव भांड्यात पडला. छायाने मिसरीचा डबा त्याच दिवशी उकिरड्यावर नेऊन रिकामा केला.

जिजी आता सगळ्यांबरोबर पंगतीत बसून जेवते. तो सुई-दोरा मात्र तिने फळीवर परत ठेवला नाही, खाणावळीच्या दारातल्या खिळ्याला अडकवला. दाढ दुखते म्हणून कुणी आला की पहिल्यांदा सुई त्याच्या हातात देते आणि मग आपल्या कवळीची गोष्ट सांगते.

मंडळी, दुखणं अंगावर काढणं हा काही शूरपणा नाही. गरिबाला अडवणारी गोष्ट दर वेळी पैसाच असते असंही नाही, कितीदा तरी ऐकीव भीतीच दारात आडवी पडलेली असते. सरकारी दवाखाना तुमच्या-आमच्यासाठीच उघडा आहे, तिथे वेळेवर जायला लाजू नका. आणि आपलं दुखणं ज्याने भोगून पार केलंय, त्याने ते चार लोकांत सांगायला लाजू नये, कारण त्याच्या एका शब्दाने दुसऱ्याचं आयुष्य सावरतं.

दिवाळीनंतर एका सकाळी हेमराज खाणावळीच्या दारात आला. डावा गाल पुरीसारखा टम्म. जिजीने त्याच्याकडे पाहिलं आणि कवळी काढायला हात तोंडाकडे नेला.

"राहू द्या, जिजी," हेमराज हात जोडून म्हणाला. "सिव्हिलला जाणारी बस कुठून मिळते, एवढंच सांगा."