दहा किलो, साठचा वेग

बावीस मुली, सहा कॉम्प्युटर, आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. मला आधीच धीर कमी. सीडी लावली, पडद्यावर दोन गाड्या समोरासमोर आणल्या आणि बजावलं, "टक्कर बघून खिदळू नका. बल गुणिले वेळ म्हणजे आवेग. संवेगातला बदल तेवढाच. वेळ कमी, तर बल जास्त. लिहा."

अस्मिताला नेमकी तेव्हाच शंका आली. "टीचर, पुढच्या सीटवर आई बाळाला मांडीवर घेऊन बसली असेल तर?"

"तर घट्ट धरेल."

"किती घट्ट?"

कार्टी पिच्छा सोडेना. मी कॉम्प्युटरवर आकडे भरले: बाळ दहा किलो, वेग साठ, थांबायला सेकंदाचा दहावा भाग. उत्तर आलं, एकशे सत्तर किलो पेलण्याएवढं बल.

चार वर्षांपूर्वी, सत्त्याण्णव साली, करजणजवळ हायवेवर माझ्या धाकट्या भावाची, अनीशची, नवी गाडी उभ्या ट्रकवर आदळली. साठने जात होतो, असं तो म्हणाला होता. त्याच्या बायकोच्या, मोहनाच्या, मांडीवरून वर्षाचा विहंग निसटला. पोराचा एक डोळा गेला. दवाखान्यात सगळ्यांदेखत मीच तिला म्हटलं, "एवढंसं पोर धरवलं नाही तुला?" घरात पुढे तेच कायम झालं. तेव्हापासून ती कुणाचंही बाळ मांडीवर घेत नाही. आणि मी फिजिक्स शिकवते! भयंकर लाज वाटली मला.

तास कसाबसा संपवला. शाळा सुटताच रिक्षाने रावपुऱ्यात घरी गेले, भाजी चिरणाऱ्या मोहनाला उठवलं. "चल माझ्याबरोबर. काही विचारू नकोस."

लॅबमध्ये तिला खुर्चीवर बसवलं, तीच टक्कर दाखवली. "बघ हा आकडा. पहिलवानाच्या हातूनही सुटलं असतं पोर. मी वाईट बोलले, मोहना. चुकलं माझं."

ती रडेल असं वाटलं होतं. ती पडद्याकडेच बघत राहिली.

"वन्सं, चाळीस टाका."

टाकलं. एकशे तेरा किलो.

"वीस?"

"सत्तावन्न."

"दहा?"

"अठ्ठावीस."

"एवढं धरलं असतं मी," ती म्हणाली. "हळू चालवा म्हणून तीनदा सांगितलं होतं यांना."

चार वर्षांत अनीशला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.