भट्टीपासून एक पाऊल

मी एक जुनी टाकी आहे, काळ्या तेलाने गळ्यापर्यंत भरलेली. दिसायला मी ओंगळ आहे, मला वासही येतो, आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. मित्रांनो, सुऱ्यांच्या कारखान्यात भट्टीतून निघालेलं लालबुंद पातं माझ्यात बुडतं, तेव्हाच ते कडक होतं. त्याला पाणी देणं म्हणतात, माझ्यात तेल असलं तरी! तोवर ते नुसतं सुरीच्या आकाराचं लोखंड असतं.

जाड पाइपाच्या एका तुकड्याला कारखान्याच्या मालकिणीने, दोन बहिणींतल्या थोरलीने, बूड जोडलं, दोन कड्या लावल्या आणि मला भट्टीला खेटून उभं केलं. अकरा वर्षं मी तिथून हलले नाही. खाटीक आणि आचारी तिच्या सुऱ्यांची तोंड भरून तारीफ करत. माझं नाव कुणी काढलं नाही, पण माझं काही अडलंही नाही.

मग तिची धाकटी बहीण धंद्यात आली. पोरगी कष्टाळू, पण नीटनेटकेपणाचं भारी वेड. थोरली आठवडाभर परगावी गेली आणि हिने आदर्श कार्यशाळेचा नकाशाच काढला. भिंती पांढऱ्या झाल्या, हातोडे उंचीप्रमाणे लागले, सांडश्या रांगेत लटकल्या. "हे ध्यान दारातून दिसायला नको," म्हणत तिने माझी रवानगी पार मागच्या भिंतीला केली.

त्यानंतर तिने पाणी दिलेली बाराच्या बारा पाती मऊ निघाली. कडक पात्यावरून कानस घसरते. इथे ती खुशाल चावत होती. थोरली परतताच हिने माझ्यावर खापर फोडलं. "ताई, या टाकीतलं तेल मेलंय. भंगारवाल्याला सांगितलंय, दुपारी येतोय."

मेलंय? माझा नुसता संताप झाला. पाती माझ्यापर्यंत पोचायची तेव्हा त्यांची लाली उतरलेली असायची. त्यांना मी काय कडक करणार, कपाळ? पण माझं तोंड पडलं वर उघडं, बोलायच्या कामाचं नाही.

थोरलीने एक पातं तापवलं, सांडशीत धरलं आणि माझ्याकडे निघाली. ऐरणीला वळसा, टेबलाला वळसा. माझ्याजवळ येऊन ती थांबली.

"रंग बघ."

"अगं, हे तर काळवंडलं!"

"नऊ पावलं झाली. नकाशात तू सगळं मोजलंस, चालणं तेवढं राहिलं."

धाकटीने माझी एक कडी धरली, दुसरी ताईने. दोघींनी मला फरफटत भट्टीजवळ आणलं. स्वच्छ फरशीवर तेल सांडलं, त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही. नवं पातं धाकटीनेच बुडवलं. मी त्याला पोटात घेतलं, भसकन धूर सोडला. थोड्या वेळाने तिने कानस फिरवली. कानस घसरली.

दुपारी भंगारवाला रिकामा परत गेला.

मित्रांनो, माझ्यावर झाकण ठेवा, तेलात पाणी शिरू देऊ नका, अधूनमधून ते गाळून घ्या. पण शोभेसाठी मला हलवायला येऊ नका. मी हलणार नाही. आणि तरीही हलवलंत, तर तुमच्या सुरीला टोमॅटोसुद्धा हसेल!